पगार कोणाचा, बांधिलकी कोणाशी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी चळवळीत 'समाजकार्य' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात दोन चित्रे उभी राहतात. एक, खांद्याला शबनम अडकवून गावोगाव हिंडणाऱ्या आणि घरच्यांनी आपल्या हिशेबातून केव्हाच वजा केलेल्या कार्यकर्त्याचे. दुसरे, समाजकार्याची पदवी घेतलेल्या, महिन्याच्या महिन्याला पगार उचलणाऱ्या आणि फायली सांभाळणाऱ्या नोकरदाराचे. पहिल्याविषयी चळवळीला आदर आहे. दुसऱ्याविषयी, स्पष्टच बोलायचे तर, तुच्छता आहे. 'एमएसडब्ल्यू झालेला' हे शब्द शिबिरांच्या पंगतीत टोमणा म्हणून वापरले जातात, हे कोणी नाकारणार नाही.

ही तुच्छता सोयीची असली तरी महाग पडणारी आहे. इस्पितळात दाखल झालेली निराधार बाई, पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन आलेली विवाहिता, बालगृहात आणून ठेवलेले पोर, रस्त्यावरून उचलून नेलेला म्हातारा, ह्या सर्वांना शासन नावाची वस्तू प्रथम भेटते ती ह्याच पगारी माणसाच्या रूपाने. त्याने कागदावर काय लिहिले, काय लिहायचे टाळले, कोणाला काय सांगितले, ह्यावर त्या माणसाची पुढची काही वर्षे ठरतात. असा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याच्या नीतीचा प्रश्न हा चळवळीचाही प्रश्न आहे. शिवाय कार्यकर्त्यांचीच मुले-मुली आज ह्या नोकऱ्यांत आहेत. चळवळीने त्यांना निर्वाह दिला नाही, म्हणून ती तेथे गेली.

पगार घेऊन समाजसेवा करणे ही काही परदेशातून आलेली विकृती नव्हे. नामदार गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्याच्या शपथेतच हे अंतर्भूत होते की संस्था त्याच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी जे देऊ शकेल त्यात त्याने समाधान मानावे. ना. म. जोशी ह्याच संस्थेचे सदस्य. १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग आणि १९२० साली आयटक ह्या दोहोंच्या उभारणीत ते होते. त्यांच्या निर्वाहाची तजवीज गिरणीमालक करीत नव्हते, ही गोष्ट गिरणी कामगाराच्या दृष्टीने पुरेशी होती. पुढे १९३६ साली मुंबईतच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे ते मूळ रूप. क्लिफर्ड मॅन्शर्ट हे अमेरिकन मिशनरी त्याचे पहिले संचालक, आणि पैसा टाटांच्या विश्वस्त निधीचा. समाजकार्याचे रीतसर शिक्षण देणारी भारतातील ही पहिली संस्था उद्योगपतीच्या संपत्तीतून उभी राहिली, ह्यात उपरोध शोधणाऱ्यांना तो सापडेल. परंतु तेवढ्यावर थांबणे हा आळस होय. खरा प्रश्न पैसा कोणाचा एवढाच नाही. पैसा देणाऱ्याला पुढे कसला हुकूम सोडता येतो, हा आहे.

येथे अर्थशास्त्राचे एक साधे सूत्र उपयोगी पडते. दुकानात गिऱ्हाईक पैसे मोजते आणि माल नेते. माल वाईट निघाला तर ते दुसऱ्या दुकानी जाते, आणि ह्या भीतीने दुकानदार काही अंशी सरळ राहतो. समाजकार्यात दाम मोजणारा एक असतो आणि सेवा घेणारा दुसराच असतो. सेवा घेणाऱ्याला दुसरे दुकान नसते. भिक्षेकरी गृहातील माणूस परिवीक्षा अधिकारी बदलून मागू शकत नाही. जिल्हा रुग्णालयात आलेली मुलगी दुसरी समुपदेशक निवडू शकत नाही. तो माणूस नाराज झाला म्हणून समाजकार्यकर्त्याच्या पगारातला एक रुपया कमी होत नाही, आणि दाम मोजणारा नाराज झाला तर नोकरी जाते. बाजाराचा अंकुश येथे नेमका उलट्या बाजूने लागतो. पाठ्यपुस्तकांतील 'व्यावसायिक नीतिमत्ता' हे प्रकरण ह्या उलट्या अंकुशाविरुद्ध एकट्या माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीला उभे करते आणि तिच्याकडून फार अपेक्षा बाळगते.

कामगार कल्याण अधिकाऱ्याचे उदाहरण घ्यावे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात असा अधिकारी नेमणे बंधनकारक केले. समाजकार्याच्या विद्यालयांतून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढ्यांना ह्या कलमाने पोट दिले. कायदा करणाऱ्यांना ह्या जागेतील पेच कळला नव्हता असे नाही. अनेक राज्यांच्या नियमांत स्पष्ट म्हटलेले होते की ह्या अधिकाऱ्याने कामगारांविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळू नयेत आणि न्यायालयात व्यवस्थापनाच्या वतीने कामगाराविरुद्ध उभे राहू नये. तरीही त्याची नेमणूक मालकानेच करायची आणि पगारही मालकानेच द्यायचा!

त्याचे जे व्हायचे ते झाले. सकाळी उपाहारगृहातील चहाची प्रत तपासणारा कल्याण अधिकारी दुपारी पर्सोनेल मॅनेजर होऊ लागला आणि कालांतराने त्या खुर्चीवर एच. आर. ही पाटी आली. खाडे का होतात हे विचारायला तो कामगाराच्या घरी जाई. खोकला, कर्ज, दारू, गावाकडच्या जमिनीचा तंटा, बायकोचे आजारपण असे सगळे त्याला सांगितले जाई, कारण तो 'कल्याणाचा' माणूस. ही माहिती कोणत्या फायलीत जाते आणि कपातीची यादी तयार होताना ती फाईल कोणाच्या टेबलावर असते, हे कामगाराला ठाऊक नसे. मग एक दिवस ठाऊक होई, आणि त्यानंतर त्या अधिकाऱ्याला खरे कोणी काही सांगत नसे. 'मालकाचा माणूस' हा शिक्का युनियनने दिला खरा, पण तो खोटा नव्हता. मात्र हा शिक्का मारून युनियन मोकळी झाली, हेही तितकेच खरे. ह्या अधिकाऱ्याचा पगार मालकाच्या हातून काढून घ्यावा ही मागणी कामगार चळवळीने कधी नेटाने लढवल्याचे दिसत नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पाचशेची मर्यादा अडीचशेवर आणली. म्हणजे अशा जागा वाढतील. पेच मात्र १९४८ सालचाच राहिला आहे.

मालकाच्या जागी शासन आले की प्रश्न सुटतो, अशी एक भाबडी समजूत समाजवाद्यांत दीर्घकाळ नांदली. तिचा कस पाहायचा असेल तर १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा वाचावा. त्यातील 'भीक मागणे' ह्याची व्याख्या कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करील. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा घेणे हे तर तीत आहेच. पण गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा एखादी वस्तू विकण्याच्या मिषाने भिक्षा घेणे हेही आहे. महाराष्ट्रातील वासुदेव, नंदीवाले, डोंबारी, पोतराज ह्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय एका वाक्यात गुन्हा ठरला. आणि पुढे आहे ते अधिकच भयंकर: ज्याला निर्वाहाचे दृश्य साधन नाही आणि जो अशा अवस्थेत सार्वजनिक जागी हिंडतो की तो भिक्षेवर जगत असावा असे वाटावे, तोही भिकारीच. त्याने हात पसरलेला असण्याचीही गरज नाही. पोलिसाने त्याला वॉरंटाशिवाय पकडावे, न्यायालयाने संक्षिप्त चौकशी करावी आणि पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे त्याला प्रमाणित संस्थेत, म्हणजे भिक्षेकरी गृहात, अटकावून ठेवावे. एकदा आत राहून आलेला माणूस पुन्हा सापडला तर दोन ते तीन वर्षे, आणि त्यानंतर दहा वर्षे.

ह्या यंत्रात समाजकार्यकर्ता कोठे बसतो? तो परिवीक्षा अधिकारी म्हणून बसतो. न्यायालयाने त्याचा अहवाल विचारात घ्यायचा असतो. हा माणूस पुन्हा भीक मागण्याचा संभव नाही असे न्यायाधीशाला वाटले, तर समज देऊन, बंधपत्र घेऊन सोडण्याची तरतूद कायद्यात आहे. तेव्हा आता अहवाल लिहिणाऱ्याच्या जागी बसून पाहावे. समोरचा माणूस साठीचा आहे, बांधकामावर हात निकामी झाला, गावात घर नाही, मुलगा कोठे आहे ठाऊक नाही. हे सारे प्रामाणिकपणे लिहिले, की निर्वाहाचे साधन नाही हे सिद्ध झाले, आणि कायद्यापुढे दारिद्र्याचा पुरावा हाच गुन्ह्याचा पुरावा! खरे लिहावे तर माणूस आत जातो. 'नातेवाईक सांभाळण्यास तयार आहेत, पुन्हा भीक मागणार नाही' असे लिहावे तर माणूस सुटतो, परंतु ते खोटे असते. सत्यनिष्ठा आणि सेवाधीनाचे हित ही दोन्ही तत्त्वे समाजकार्याच्या प्रत्येक नीतिसंहितेत शेजारी शेजारी छापलेली असतात. ती दोन्ही एकाच कागदावर पाळता येणार नाहीत अशी व्यवस्था कायद्याने करून ठेवली आहे.

अशा स्थितीत काही जण खोटे लिहितात आणि माणूस सोडवतात. त्यांना दोष देण्याचे धाडस दूर बसलेल्याने करू नये. पुष्कळ जण छापील नमुना भरून मोकळे होतात. थोडे जण तिसरा मार्ग काढतात: ते खरे लिहितात आणि त्यापुढे हेही लिहितात की ह्या माणसाला अटकाव करून त्याच्या निर्वाहाचा प्रश्न सुटत नाही, अपंगत्वाची पेन्शन, निवारा, उपचार ह्यांची गरज आहे आणि ती पुरवण्याची जबाबदारी अमुक अमुक खात्याची आहे. न्यायालयाच्या नोंदीत असा कागद राहतो, आणि राहिलेला कागद पुढे कधीतरी बोलतो. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, दिल्लीला लागू असलेल्या ह्याच मुंबईच्या कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. हर्ष मंदर आदींच्या त्या याचिकेमागे रस्त्यावरच्या माणसांत वर्षानुवर्षे काम केलेल्यांचा अनुभव होता. ह्या निकालाने महाराष्ट्रातला कायदा आपोआप पुसला गेला नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. आणि तो बनवणारे, राबवणारे, त्याच्या भिक्षेकरी गृहांना 'कल्याण' हे नाव देणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांच्यातील कित्येक आजच्या अर्थाने पुरोगामीच होते.

आता असे एक उदाहरण, की ज्यात कायद्याचा हेतू निखळ चांगला आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, सर्वांच्या तोंडी असलेला 'पोक्सो'. अठरा वर्षांखालील व्यक्तीबाबत असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे १९वे कलम सांगते. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहाची सबबही काढून टाकली. अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हाही बलात्कारच. तत्त्व म्हणून ह्यात वाद घालण्यासारखे काही नाही.

परंतु हे तत्त्व बीड, जालना, परभणीच्या ऊसतोडणी टोळीत पोचले की काय होते? तोडणीचा हिशेब 'कोयत्या'वर चालतो आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. सहा महिने आईबाप कारखान्याच्या फडात जाणार, वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवायची कोणाच्या भरवशावर? म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचे लग्न होते, एक नवा कोयता तयार होतो, नवी उचल मिळते. ही मुलगी गरोदर होऊन सरकारी दवाखान्यात येते. समाजसेवा अधीक्षक किंवा समुपदेशक तिला विश्वासात घेऊन वय विचारते. मुलगी खरे सांगते, कारण ह्या बाईचा आवाज मऊ असतो. त्या क्षणापासून तिच्या नवऱ्याविरुद्ध गुन्हा नोंदवणे भाग पडते. तो आत गेला की कोयता मोडतो, उचल फिटत नाही, आणि मुकादम वसुलीला दारात उभा राहतो. पुढच्या खेपेस तीच मुलगी किंवा तिची जाऊ दवाखान्यात येत नाही. फडातल्या खोपटात बाळंत होते. नाही तर केसपेपरवर तिचे वय एकोणीस लावले जाते आणि सगळे गप्प बसतात.

येथे काय करावे, ह्याचे एक उत्तर देणारा माणूस बहुधा कधी अशा दवाखान्यात गेलेला नसतो. तथापि काही गोष्टी निश्चित म्हणता येतात. मुलीने तोंड उघडण्यापूर्वी तिला सांगितले पाहिजे की कोणती गोष्ट गुप्त ठेवता येईल आणि कोणती ठेवता येणार नाही. आधी विश्वास मिळवायचा, माहिती काढायची आणि मग कायद्याकडे बोट दाखवायचे, ही फसवणूकच होय, हेतू कितीही चांगला असो. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या संदर्भात असे म्हटले की मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही वाट अरुंद आहे, परंतु आहे, आणि पुष्कळ दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांना ती सांगितलीही जात नाही. दुसरी गोष्ट कागदाची. पोलिसांकडे जाणाऱ्या त्या नोंदीत नवऱ्याचे नाव असते, कधी आईबापांचे असते. मुकादमाचे नाव नसते. कारखान्याचे तर नसतेच नसते. बालविवाहावर ज्यांचा हंगाम उभा आहे त्यांच्यासाठी त्या नमुन्यात रकानाच नाही. भिक्षेकऱ्याच्या अहवालातही 'चारित्र्य', 'सवयी', 'कौटुंबिक परिस्थिती' असे रकाने असतात. शेवटची मजुरी कोणी बुडवली, हा रकाना नसतो. समाजकार्यकर्त्याला शिकवलेली 'केसवर्क'ची पद्धत प्रत्येक दुःखाला एका माणसाचे दुःख बनवते. त्या माणसाकडे नीट लक्ष जावे, एवढा तिचा गुण. त्याला त्या दशेत ठेवणारे कागदाबाहेर राहतात, हा तिचा दोष. नीतीचा प्रश्न असा छापील नमुन्यातही दडलेला असतो आणि नमुना कोणी छापला हे विचारल्याखेरीज तो दिसत नाही.

स्वयंसेवी संस्थांबद्दल थोडक्यात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्चण्याचे बंधन आले, आणि गेल्या दशकात देणगीदाराची भाषा संस्थांच्या जिभेवर बसली. माणसांचे 'लाभार्थी' झाले, कामाचे 'आउटपुट' झाले, तिमाही अहवालात लाभार्थ्यांचे हसरे छायाचित्र आवश्यक ठरले. ज्या बाईने आश्रय मागितला तिला 'फोटो नको' म्हणण्याचे स्वातंत्र्य कितपत असते, हे तिच्या जागी बसून ठरवावे. मात्र हा दगड भिरकावताना चळवळीने स्वतःच्या अंगणाकडेही पाहावे. मारहाण झालेल्या बाईला व्यासपीठावर उभे करून तिची कहाणी हजारोंसमोर वदवून घेणे, दुसऱ्या दिवशी तिचे नाव-गाव वर्तमानपत्रात येऊ देणे आणि तिसऱ्या दिवशी ती त्याच नवऱ्याच्या घरी परतली हे कोणाला ठाऊकही नसणे, असे प्रकार मोर्च्यांच्या इतिहासात कमी नाहीत. पगारी समाजकार्यकर्त्याला निदान संमतीचा कागद घ्यावा लागतो. बिनपगारीला ध्येय पुरेसे वाटते.

नीतिसंहिता नाही म्हणून हे घडते, असे म्हणणारा एक वर्ग आहे. परंतु संहिता आहे. टाटा संस्थेतील समाजकार्याच्या अध्यापकांच्या मंचाने सिद्ध केलेला नीतीचा जाहीरनामा १९९७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात केवळ व्यक्तीच्या सेवेचा नव्हे, सामाजिक न्यायाचाही स्पष्ट उच्चार आहे. तो मोडला तर तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्न राहतो. वकिलांना बार कौन्सिल आहे, डॉक्टरांना परिषद आहे. संबंध समाजकार्य व्यवसायासाठी तशी वैधानिक परिषद उभी राहिलेली नाही. आरोग्यक्षेत्रातील समाजकार्यकर्ते तेवढे २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात आले. परिषद व्हावी, ही मागणी योग्य आहे. पण तिच्याबरोबर एक धोकाही येतो. नोंदणी नसलेल्याने समाजकार्य करू नये असे उद्या ठरले, तर हमालांची, मोलकरणींची, धरणग्रस्तांची संघटना बांधणारे शेकडो पदवीहीन कार्यकर्ते बेकायदा ठरतील आणि पदवीची मक्तेदारी निर्माण होईल. व्यवसायाची प्रतिष्ठा आणि व्यवसायाची कुंपणे ह्या गोष्टी बहुधा एकत्रच वाढतात.

संहितेपेक्षा आणि परिषदेपेक्षाही मूलभूत अशी एक गोष्ट ह्या चर्चेत क्वचित बोलली जाते. अनैतिक हुकूम नाकारण्यासाठी नोकरी टिकावी लागते. शासकीय योजनांतील समुपदेशक, प्रकल्प समन्वयक ह्यांपैकी मोठा भाग कंत्राटावर आहे. अकरा महिने झाले की नवा कागद. अशा माणसाला 'अहवालात हे वाक्य नको' असे वरिष्ठाने सांगितले, तर त्याने कोणत्या बळावर 'नाही' म्हणावे? जून २०२४ मध्ये खुद्द टाटा समाजविज्ञान संस्थेत शंभराहून अधिक कंत्राटी अध्यापक व कर्मचाऱ्यांना सेवा संपल्याच्या नोटिसा गेल्या. विश्वस्त निधीकडून अनुदान आले नाही, हे कारण. गदारोळानंतर नोटिसा मागे घेतल्या गेल्या. परंतु समाजकार्याचे शिक्षण जेथे मिळते तेथील शिक्षकच देणगीदाराच्या एका पत्रावर लोंबकळत आहेत, हे विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिले. नीतीच्या तासापेक्षा तो धडा अधिक पक्का बसला असेल.

आणि कायदा? १९७८ साली बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात न्या. कृष्ण अय्यर ह्यांनी 'उद्योग' ह्या संज्ञेचा व्यापक अर्थ लावला, त्यामुळे अनेक धर्मादाय संस्थांतील कर्मचाऱ्यांनाही कामगार कायद्याचा आधार मिळण्याची वाट मोकळी झाली. १९८२ साली संसदेने ही वाट बंद करणारी दुरुस्ती मंजूर केली, परंतु ती अमलात कधी आणली गेली नाही. ते काम २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पुरे केले. सर्वस्वी किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था 'उद्योग' ह्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू आहे. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी नोकरी करणाऱ्या माणसाला स्वतःच्या नोकरीचा तंटा औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेता येणे त्यामुळे अधिकच कठीण झाले. ह्या वगळणुकीविरुद्ध कामगार संघटनांचा आवाज फारसा ऐकू आला नाही. श्रमसंहितांविरुद्ध संप मात्र झाले, मोर्चे निघाले.

नोकरी कायम झाली की नीती आपोआप येते असे नाही. भिक्षेकरी गृहांचे नमुने डोळे मिटून भरणारे पुष्कळ अधिकारी कायमच होते. कायम नोकरीने 'नाही' म्हणणे शक्य होते, एवढेच. ते म्हणावेसे वाटणे ही पुढची पायरी, आणि तेथे संघटनेची संगत लागते.

पगार देणारा आणि हुकूम देणारा ह्यांना वेगळे करता येते ह्याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. १९८४ साली टाटा संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ती बसे पोलिसांच्या इमारतीत, परंतु ती पोलिसांची नोकर नव्हती. ठाण्यातला हवालदार 'तडजोड करून घरी पाठवा' म्हणाला, तर तिला त्याचे ऐकण्याची सक्ती नव्हती. पुढे हा उपक्रम राज्य शासनाने स्वीकारला व जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. त्याचा विस्तार झाला. तेव्हाचे अंतर आज किती राखले जाते, हे त्या कक्षांत काम करणाऱ्या बायांनाच विचारले पाहिजे.

दुसरे उदाहरण समाजवाद्यांच्या अधिक जवळचे. १९६९ चा माथाडी कायदा. हमालाचा मालक रोज बदलतो, कोणीच त्याला आपला नोकर म्हणत नाही, म्हणून महाराष्ट्राने मंडळ निर्माण केले. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ हमालाला मजुरी देते, त्याचा भविष्यनिर्वाह निधी सांभाळते. १९८१ साली सुरक्षा रक्षकांसाठी त्याच धर्तीवर कायदा झाला. प्रकल्पाप्रकल्पावर फिरणाऱ्या समाजकार्यकर्त्याची स्थिती हमालापेक्षा फार निराळी नाही, फक्त त्याच्या पाठीवर पोत्याऐवजी लॅपटॉपची पिशवी आहे. कंपन्या, विश्वस्त निधी आणि शासकीय योजना ह्यांनी समाजकार्यकर्त्याचे वेतन अशा मंडळात भरावे, मंडळाने ते त्याला द्यावे, आणि कामावरून काढण्यापूर्वी मंडळाची चौकशी व्हावी, अशी मागणी पक्षाने विधिमंडळात का मांडू नये? कोणी म्हणेल, देणगीदार पळून जातील. काही जातीलही. माथाडी मंडळांच्या वेळीही व्यापार बुडणार असे सांगितले जात होते, आणि बाजारपेठा उघड्याच राहिल्या.

ह्यात एक अडचण आहे आणि ती खरी आहे. माथाडी मंडळावर मालक, कामगार व शासन असे तीन पक्ष असतात. समाजकार्याच्या मंडळावर चौथा पक्ष हवा: ज्यांची सेवा केली जाते ते लोक. भिक्षेकरी गृहातून सुटलेला माणूस, फडातून परतलेली बाई ह्यांना तेथे कोण निवडून पाठवणार, कशाच्या आधारे, आणि बैठकीच्या दिवशी त्यांची बुडालेली मजुरी कोण भरून देणार, ह्याचा आराखडा अभ्यासवर्गातील कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात बसून तयार करावा. कंत्राटावरील समाजकार्यकर्त्यांना त्या बैठकीला बोलवावे, आणि त्यांच्या वरिष्ठांना कळणार नाही अशी वेळ निवडावी.